अनुदान कोणाचे, पदवीधर कोणाचा?

मे महिन्यात बारावीचा निकाल लागतो आणि माजिवडा नाक्याजवळच्या झेरॉक्सच्या दुकानांत रांगा लागतात. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार कार्ड. प्रत्येकी चार प्रती. रांगेत मुलगा किंवा मुलगी असते आणि बहुधा शेजारी आईही असते. तिच्या मनात दोन हिशेब चाललेले असतात. या वर्षी शुल्क किती भरावे लागणार, हा एक. आणि शिकून झाल्यावर हे लेकरू आपल्याजवळ राहणार की दूर जाणार, हा दुसरा. हे दोन प्रश्न वेगवेगळे भासतात, परंतु त्यांचा परस्परांशी निकटचा संबंध आहे. तो संबंध उलगडून दाखवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम अनुदान म्हणजे काय, ते स्पष्ट करून घेऊ. पुष्कळ पालकांची अशी समजूत असते की अनुदानित महाविद्यालयात शासन विद्यार्थ्यांचे शुल्क भरते. वस्तुस्थिती तशी नाही. शासन भरते ते मुख्यत्वे मान्यताप्राप्त पदांवरील प्राध्यापकांचे आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचे वेतन. महाविद्यालयाच्या खर्चात वेतनाचा वाटा सर्वांत मोठा असल्यामुळे तो भार उतरला की शुल्क आपोआप खाली येते. म्हणूनच अनुदानित तुकडीत बी. ए. किंवा बी. कॉम. करणाऱ्या विद्यार्थ्याचे वर्षाचे शुल्क काही हजारांत भागते. त्याच इमारतीत, त्याच जिन्याने वर जाऊन, स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रमाच्या वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच्या कितीतरी पट रक्कम मोजावी लागते, कारण त्या वर्गातील शिक्षकांचा पगार शुल्कातूनच निघायचा असतो. मुंबई विद्यापीठात १९९९ साली बी. एम. एस. सुरू झाले, पाठोपाठ बी. एम. एम. आणि माहिती तंत्रज्ञानाचे अभ्यासक्रम आले. तेव्हापासून एकाच छपराखाली अशी दोन महाविद्यालये नांदू लागली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

ही विभागणी अचानक घडलेली नाही. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्राने खाजगी संस्थांना विनाअनुदानित तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्याची वाट मोकळी करून दिली. त्यापूर्वी आपल्याकडील मुले देणग्या भरून कर्नाटकात शिकायला जात. मुलेही जात आणि पैसाही जाई. हे स्थलांतर थांबवावे, हा त्या निर्णयामागील एक विचार होता आणि तो हेतू बऱ्याच अंशी सफल झाला, हे मान्य केले पाहिजे. पुण्यात पुढे माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्या तेव्हा त्यांना अभियंत्यांची वाण पडली नाही, त्याचे बीज त्या निर्णयात आहे. पुढे २००१ च्या सुमारास नव्या महाविद्यालयांना ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावरच परवानगी देण्याचे धोरण आले. त्यातील ‘कायम’ हा शब्द फार बोलका होता. आज ना उद्या अनुदान मिळेल, या आशेवर संस्था काढण्याचा मार्ग त्या एका शब्दाने बंद केला.

याचा परिणाम असा की ठाण्याची जुनी महाविद्यालये अनुदानाच्या काळातील आहेत, तर घोडबंदर रस्त्याच्या कडेने उभी राहिलेली नवी व्यावसायिक महाविद्यालये प्रायः शुल्कावर चालणारी आहेत. विद्या प्रसारक मंडळाची बांदोडकर आणि जोशी-बेडेकर ही ठाण्यातील महाविद्यालये १९६९ सालची. कल्याणचे बिर्ला महाविद्यालय १९७२ चे. वसईचे संत गोन्सालो गार्सिया महाविद्यालय १९८४ चे. वसई-ठाणे पट्ट्यातील असंख्य ख्रिस्ती कुटुंबांतील पहिला पदवीधर याच सुमारास झाला, हा निव्वळ योगायोग नव्हे. शेतीवाडी, मासेमारी किंवा कारखान्यातील पाळी यांवर चालणाऱ्या घराला जे शुल्क झेपत होते, त्या शुल्कात पदवी मिळत होती.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शासनाने महाविद्यालयावर पैसा खर्च केला, तर त्या भागात पदवीधर वाढतात का? वरवर पाहता उत्तर होकारार्थी वाटते. परंतु अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ जॉन बाउंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निराळेच चित्र दिसले. एखादे राज्य किती पदवीधर घडवते आणि त्या राज्यात किती पदवीधर राहतात, यांतील संबंध त्यांना क्षीणच आढळला. संबंध आहे, पण घडवलेल्यांपैकी मोठा हिस्सा जिथे काम आहे तिथे निघून जातो. पदवी ही काही घरासारखी जमिनीला चिकटलेली वस्तू नाही. ती माणसाबरोबर प्रवास करते.

याचा आपल्याकडील सर्वांत ठळक दाखला माजिवड्याहून फार दूर नाही. पवई येथील आय. आय. टी. १९५८ साली स्थापन झाली. तिचा खर्च केंद्र शासन करते, म्हणजे देशभरातील करदाता करतो. या संस्थेतून १९७३ ते १९७७ या काळात पदवी घेतलेल्या अभियंत्यांचा माग प्रा. सुहास सुखात्मे आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८० च्या दशकात घेतला, तेव्हा त्यांतील सुमारे ३१ टक्के परदेशी स्थायिक झाल्याचे दिसून आले. याचा अर्थ उरलेले सुमारे ६९ टक्के देशातच राहिले, हेही ध्यानात घ्यायला हवे. बुद्धिगळतीविषयी बोलताना आपण सहसा गेलेल्यांचीच संख्या सांगतो.

ठाण्याच्या बाबतीत गंमत अशी की आपले शहर या व्यवहाराच्या दोन्ही टोकांना उभे आहे. १९९१ च्या जनगणनेत अविभाजित ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ५२ लाख होती. २०११ साली ती १ कोटी १० लाखांवर गेली आणि ठाणे हा देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. २०१४ साली पालघर वेगळा झाला तो यामुळेच. ही वाढ केवळ पाळण्यांनी झालेली नाही. लातूर, जळगाव, रत्नागिरी, सिंधुदुर्ग येथे शासकीय अथवा अनुदानित महाविद्यालयात शिकलेली मुले नोकरीसाठी येथे आली आणि येथलीच झाली. त्यांच्या शिक्षणाचा खर्च राज्याच्या तिजोरीने त्यांच्या गावी केला, पण त्यांची कमावती वर्षे ठाण्याच्या पदरात पडली. दुसरीकडे आपल्या धर्मग्रामातील मुलेमुली येथे शिकून आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात जातात. म्हणजे आपण एका हाताने घेतो आणि दुसऱ्या हाताने देतो. मराठवाड्यातील एखाद्या गावाला मात्र देणेच तेवढे माहीत आहे.

हा असमतोल घटनाकारांना आणि त्यानंतरच्या राज्यकर्त्यांना अज्ञात नव्हता. संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) मध्ये महाराष्ट्रासाठी खास तरतूद आहे. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांना तंत्रशिक्षणाच्या व व्यवसाय प्रशिक्षणाच्या सोयी आणि त्याच वेळी सेवांमध्ये रोजगाराची पुरेशी संधी न्याय्य प्रमाणात मिळावी, असे ते कलम सांगते. शिक्षण आणि रोजगार हे दोन शब्द तिथे एका ओळीत बसवले आहेत, हे आम्हांला फार महत्त्वाचे वाटते. नुसते महाविद्यालय दिले आणि काम दिले नाही, तर ते महाविद्यालय म्हणजे एस. टी. चा थांबा होतो. १९८४ साली प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीने विभागवार अनुशेष मोजला, त्यात सामान्य शिक्षण आणि तंत्रशिक्षण यांचाही समावेश होता. पुढे १९९४ साली वैधानिक विकास मंडळे आली. त्यांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली.

वैद्यकीय प्रवेशांत तर हा प्रश्न उघडपणे लढला गेला. राज्यात अनेक वर्षे ७०:३० चे सूत्र होते. ७० टक्के जागा त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांसाठी आणि ३० टक्के राज्यभरासाठी. जो विद्यार्थी ज्या मातीतला, तो डॉक्टर झाल्यावर तिथेच सेवा देण्याचा संभव अधिक, हा त्यामागचा युक्तिवाद. पण ज्या विभागात महाविद्यालयेच कमी, तेथील हुशार मुलांवर या सूत्राने अन्याय होतो, अशी मराठवाड्याची तक्रार होती. सप्टेंबर २०२० मध्ये शासनाने हे सूत्र रद्द केले. दोन्ही बाजू आपापल्या परीने खऱ्या होत्या, असेच आमचे मत आहे.

या संदर्भात कळव्याचे उदाहरण आपल्या अगदी उंबरठ्यावरचे आहे. राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय १९९२ साली स्थापन झाले आणि ते ठाणे महानगरपालिका चालवते. अर्थात माजिवड्यात राहणारा जो कोणी मालमत्ता कर भरतो, त्याचाही वाटा तिथे घडणाऱ्या प्रत्येक डॉक्टरमध्ये असतो. प्रवेश मात्र राज्य आणि देश पातळीवरील गुणवत्ता यादीने होतात, त्यामुळे तिथे शिकणारा विद्यार्थी ठाण्याचा असेलच असे नाही आणि शिकून तो ठाण्यात राहील असेही नाही. मग ठाणेकरांना मिळते काय? मिळते ते त्यांच्या शिकण्याच्या वर्षांत. छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात आंतरवासिता करणारे आणि पदव्युत्तर शिक्षण घेणारे डॉक्टर रात्रंदिवस राबतात, आणि भिवंडी, शहापूर, पालघरपासूनचे रुग्ण तिथे येतात. महाविद्यालय हे असे स्थानिक सेवेचे केंद्र असते, मग तेथील पदवीधर पुढे कुठेही जावोत.

जाणाऱ्याला अडवण्याचा सरळ उपाय म्हणजे बंधपत्र. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एम. बी. बी. एस. झालेल्याने एक वर्ष शासकीय सेवा करावी, अन्यथा दंड भरावा, असा महाराष्ट्राचा नियम अनेक वर्षे राहिला आहे. दंडाची रक्कम अनेक वर्षे १० लाख रुपये होती. ज्यांच्या घरी ती रक्कम होती त्यांना बंधन जाणवले नाही आणि ज्यांच्या घरी नव्हती त्यांनी सेवा केली, हे सांगण्यासाठी वेगळ्या अभ्यासाची गरज नसावी.

तरीही जे राहतात त्यांचा शहराला लाभ किती होतो, याचा एक मापलेला अंदाज उपलब्ध आहे. अर्थशास्त्रज्ञ एन्रिको मोरेती यांनी २००४ साली अमेरिकेतील शहरांचा अभ्यास केला. शहरातील पदवीधरांचे प्रमाण एक टक्का-बिंदूने वाढले, तर शालेय शिक्षण अर्धवट सोडलेल्यांचे वेतन सुमारे १.९ टक्क्यांनी, शाळा पूर्ण केलेल्यांचे १.६ टक्क्यांनी आणि खुद्द पदवीधरांचे ०.४ टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. सर्वाधिक लाभ ज्याने महाविद्यालयाची पायरी चढली नाही त्याला! ते आकडे अमेरिकेचे आहेत, आपल्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. परंतु माजिवड्यात त्याचा प्रत्यय येतो. कोलशेत रस्त्यावरील क्लॅरिअंटचा रासायनिक कारखाना गेला, जेकेग्रामची रेमंडची गिरणी २००९ साली बंद झाली आणि त्या जागांवर उंच गृहसंकुले आली. ज्या तरुणाचे वडील गिरणीत कायम कामगार होते, तो आज त्या संकुलातील पदवीधरांच्या गाड्या चालवतो, त्यांच्या घरांत विजेची कामे करतो, त्यांच्या मुलांच्या शिकवण्या घेतो. उत्पन्न मिळते. भविष्य निर्वाह निधी, रजा आणि उपदान मिळत नाही. पदवीधरांमुळे आसपासच्या श्रमाला दर मिळतो खरा, पण त्या श्रमाचे स्वरूप काय असेल, हे पदवीधरांच्या संख्येवरून ठरत नाही.

महाविद्यालय हे स्वतःही एक रोजगाराचे ठिकाण आहे, ही गोष्ट या चर्चेत बहुधा निसटून जाते. नेट-सेट उत्तीर्ण, पीएच. डी. झालेल्या तरुणांना गावातच मानाची नोकरी देणारी दुसरी संस्था क्वचितच असते. २०१७ साली राज्याच्या वित्त विभागाने पदभरतीवर निर्बंध आणले. २०१८ साली साहाय्यक प्राध्यापकांच्या ३,५८० पदांना आणि २०२१ साली २,०८८ पदांना मान्यता मिळाली, पण रिक्त जागांच्या मानाने ती तोकडीच होती. मधल्या काळात वर्ग कोणी चालवले? तासिका तत्त्वावरील शिक्षकांनी. सकाळी कल्याणला दोन तास, दुपारी ठाण्याला एक, संध्याकाळी खाजगी शिकवणी, आणि सुटीच्या महिन्यांत काहीच नाही. ज्याला हे झेपले नाही तो बँकेच्या परीक्षेकडे, कॉल सेंटरकडे अथवा परदेशाकडे वळला. अनुदान कागदावर असूनही पद रिकामे राहते तेव्हा शासनाचा पैसा वाचतो, विद्यार्थ्याचे शुल्कही वाढत नाही. किंमत मोजतो तो मधला शिक्षक.

डोंबिवलीकरांना हा विषय वेगळा समजावून सांगायला नको. तेथील के. व्ही. पेंढरकर महाविद्यालय अनुदान सोडून विनाअनुदानित करण्याच्या व्यवस्थापनाच्या हालचालींना गेल्या काही वर्षांत माजी विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी विरोध केला आणि प्रकरण शासनदरबारी गेले. व्यवस्थापनांची बाजूही समजून घ्यायला हवी: वेतनेतर अनुदान अपुरे असते, इमारतीची डागडुजी करायची कशातून, प्रयोगशाळा अद्ययावत ठेवायच्या कशा? पण अनुदानित तुकडी एकदा गेली की ती परत येत नाही. कल्याण-डोंबिवली पट्ट्यातील ज्या घरात दोन मुले एका वेळी महाविद्यालयात आहेत, तिथे ती तुकडी जाण्याचा अर्थ एका मुलाने, आणि पुष्कळदा मुलीने, शिक्षण थांबवून नोकरी धरणे असा होतो.

शुल्क आणि स्थलांतर यांचा दुवा येथे स्पष्ट होतो. अमेरिकेतील एका विद्यापीठाने कर्जाऐवजी शिष्यवृत्ती द्यायला सुरुवात केली, त्याचा परिणाम रॉथस्टाइन आणि राउज या अभ्यासकांनी २०११ साली तपासला. ज्यांच्या डोक्यावर कर्ज होते ते पदवीधर अधिक पगाराच्या नोकऱ्यांकडे वळत आणि शिक्षण, समाजसेवा अशा कमी पगाराच्या कामांपासून दूर राहत, असे त्यांना दिसले. आपल्याकडे यापेक्षा वेगळे काय घडणार? विनाअनुदानित महाविद्यालयातून आठ-दहा लाख खर्चून अभियंता झालेला मुलगा माजिवड्यात पंचवीस हजारांवर काम कसे करील? हप्ता त्याला बंगळूरूला किंवा विमानतळावर नेतो. हौसेने जाणारेही असतातच. परंतु हौस आणि हप्ता यांतील फरक आईवडिलांना बरोबर कळतो.

विनाअनुदानित संस्थेचा आणखी एक स्वभाव आहे. तिला शुल्क देऊ शकणारा पालक हवा, म्हणून ती त्याच्या जवळ जाते. घोडबंदर रस्त्यावर ती सहज येते. जव्हार-मोखाड्याला जाण्याचे तिला कारण नसते. बाजार जिथे जात नाही तिथे महाविद्यालय न्यायचे असेल, तर ते अनुदानानेच नेता येते.

अलीकडे शासनाचा कल संस्थेऐवजी विद्यार्थ्याला पैसा देण्याकडे आहे. शैक्षणिक वर्ष २०२४-२५ पासून राज्याने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागासवर्ग यांतील, वार्षिक ८ लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत दिली आहे. हे पाऊल निश्चितच स्वागतार्ह आहे. खुल्या प्रवर्गातील ख्रिस्ती मुलींनाही आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र मिळत असल्यास हा लाभ घेता येतो. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला तो लागू होत नाही, हे अनेकांना पैसे भरून झाल्यावर कळते. संस्थेला दिलेले अनुदान आणि विद्यार्थ्याला दिलेली सवलत यांत एक फरक राहतोच. सवलत विद्यार्थ्याबरोबर जिथे तो जाईल तिथे जाते. अनुदानाने मात्र गावात शिक्षक राहतो, ग्रंथालय राहते, प्रयोगशाळा राहते.

अल्पसंख्याक म्हणून आपल्याला मिळणाऱ्या साहाय्यातही बदल झाले आहेत. परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याजात सवलत देणारी केंद्राची ‘पढो परदेश’ योजना २०२२-२३ पासून बंद झाली. संशोधनासाठीची मौलाना आझाद पाठ्यवृत्तीही त्याच सुमारास बंद करण्यात आली. तिकडे कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली आणि राहण्याच्या खर्चासाठी दाखवावयाची रक्कम १०,००० वरून २०,६३५ डॉलरवर नेली. दलालाच्या भरवशावर घर गहाण ठेवून मुलाला पाठवू पाहणाऱ्या कुटुंबाने ही दोन्ही टोके एकत्र पाहावीत. याउलट, अनुच्छेद ३०(२) नुसार अनुदान देताना शासन एखादी संस्था अल्पसंख्याकांच्या व्यवस्थापनाखाली आहे, एवढ्याच कारणाने भेदभाव करू शकत नाही. हा हक्क शाबूत आहे. आपल्या संस्थांमधील अनुदानित तुकड्या आणि मंजूर पदे टिकतात की नाही, याची चौकशी करण्याचा अधिकारही पालकांना आहे.

म्हणून जूनमध्ये प्रवेश अर्ज भरताना एक रकाना नीट वाचावा. अभ्यासक्रमाच्या नावापुढे ‘अनुदानित’ आहे की ‘स्वयंअर्थसहाय्यित’, ते तिथे लिहिलेले असते. त्याच महाविद्यालयात तीच पदवी अनुदानित तुकडीत उपलब्ध आहे का, असे कार्यालयात विचारावे; पुष्कळदा ती असते आणि जागा रिकाम्याही असतात. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरावे लागतात आणि त्यासाठी लागणारा तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला मिळायला दिवस लागतात, तेव्हा निकालाची वाट न पाहता तो एप्रिलमध्येच काढून ठेवलेला बरा.